दहापैकी नऊ गुणांचा रोबोट

मी पैसे खाऊन लिहिलं, असं मद्रासच्या एका वाचकानं पत्रात लिहिलं आणि आमच्या मासिकानं ते छापलं. तळपायाची आग मस्तकात गेली. चिमूटभर मानधन देणाऱ्या मद्रासच्या त्या इंग्रजी कॉम्प्युटर मासिकासाठी मी दीड वर्ष महिन्याला एक गेम खेळून परीक्षण लिहीत होते, आणि माझी लेखणी अशी फटकळ की संपादक दर वेळी दोन-तीन शब्द सौम्य करून छापायचे. आणि मी पैसे खाल्ले म्हणे!

भांडण एका रोबोटवरून होतं. परदेशातली एक कार्टून मालिका होती, तिच्यातल्या रोबोटचा परवाना घेऊन कुणीतरी मारामारीचा गेम काढला होता. तेव्हा देशात सगळं नुकतंच खुलं होत होतं. असले गेम खोक्यातून, फ्लॉपीवर, वितरकाच्या शिक्क्यानिशी यायला लागले होते. केबल अजून आमच्या गल्लीत पोचली नव्हती, त्यामुळे ती मालिका मी पाहिलेलीच नव्हती. मी फक्त गेम पाहिला. आणि मला तो फार आवडला. रोबोट जड पावलं टाकत यायचा, हात उचलायला वेळ घ्यायचा, समोरचा शत्रूही तितकाच सावकाश वळायचा. कुठून मारायचं याचा विचार करायला सवड मिळायची. "पहिल्यांदाच एका रोबोटला लोखंडाचं वजन आहे," असं मी लिहिलं आणि दहापैकी नऊ गुण दिले. मी कुणालाही सातच्या वर दिलेले नव्हते.

पुढच्या दोन आठवड्यांत बाकीच्यांची परीक्षणं आली. सगळ्यांनी झोडपलं. रोबोट माशीसारखा सैरावैरा धावतो, बोट कीबोर्डवर पोचायच्या आत मरतो, कार्टूनच्या नावावर पोरांना गंडवायचा धंदा आहे, कुणी दोन गुण दिले, कुणी एक. त्यात वितरकानं माझं ते लोखंडाचं वाक्य पानभर जाहिरातीत छापलं. मग ते पत्र आलं. मग संपादकांचं आलं. आमच्याच तंजावरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा मेळावा भरणार होता, तिथे ते स्वतः येणार होते. त्या गेमला एकच गुण देऊन कडक परीक्षण लिहिणारे एक गृहस्थही सोबत असणार होते. मी सगळ्यांसमोर गेम खेळून दाखवायचा. नाही जमलं तर माझं पान बंद, आणि का बंद ते मासिकात छापून येणार.

"जा की," मामा म्हणाले. "मज तुझ्यावर भरवसा आहे." आमच्या तंजावरी मराठीत 'मला' नाही, 'मज' म्हणतात. तो 'मज' ऐकला की मी अजूनही विरघळते.

मामांची ओळख करून द्यायला हवी. आईचे थोरले भाऊ. वीस वर्षं त्यांनी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली, मग टाइपरायटर विकून स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चार कॉम्प्युटर मांडले. बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मला त्यांनी मुलांना शिकवायला घेतलं. मुलं पापनाशमहून, तिरुवैयारुहून बसनं यायची. गेमही मी तिथेच खेळायची, दुपारी मामा जेवायला गेले की.

मामा काटेकोर माणूस. चपला घालून मशीनला शिवायचं नाही, कळांवर घामाचा थेंब पडू द्यायचा नाही. तिरुवैयारुच्या शेतावरची त्यांची पंपाची मोटर व्होल्टेज कमीजास्त होऊन जळाली होती, तेव्हापासून त्यांना एकच धसका, यंत्र तापतं. प्रत्येक मशीनच्या पुढच्या बाजूला एक छोटं बटण होतं, वेग वाढवायचं. मशीन आणलं त्याच दिवशी मामांनी चारही बटणांवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली, पोरांनी चुकून दाबू नये म्हणून. मी रुजू झाले तेव्हा पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि नवरात्रातल्या आयुधपूजेला लावलेलं कुंकू त्यांच्यावर वाळलं होतं. खाली काय आहे हे मी कधी विचारलंच नाही. मशीन सुरू व्हायला वेळ लागतो, प्रोग्राम चालायला वेळ लागतो, हे मी पोरांना सांगायची आणि मामा वर म्हणायचे, "पोरुमै, पोरुमै." म्हणजे धीर धरा.

मेळाव्याच्या आधी मी आठवडाभर सराव केला. एका दुपारी सहा टप्पे पार केले. म्हटलं, या आता मद्रासकरांनो.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. मामा पहिल्या रांगेत, नवीन शर्ट, जरीकाठाची वेष्टी नेसून, आजूबाजूला आमचे सात-आठ विद्यार्थी. स्टेजवर कॉलेजचं कोरं करकरीत मशीन, मागे मोठा पडदा. संपादक अपेक्षेपेक्षा तरुण निघाले, ते कडक लिहिणारे गृहस्थ मात्र पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. मी खुर्चीवर बसले, कळांवर बोटं ठेवली, गेम सुरू केला.

रोबोट दिसला आणि नाहीसा झाला. खरंच. पडद्यावर उजवीकडून डावीकडे काहीतरी सुळकन गेलं, दोन ठिणग्या, खेळ खलास.

हॉलमध्ये हशा पिकला. मी परत सुरू केला. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि मागून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, "अक्का, घरी जाऊन डोसे घाला!" रडू येत होतं आणि रडले तर संपलंच, हेही कळत होतं.

चष्मेवाले गृहस्थ वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही नक्की कोणता गेम खेळलात?"

हाच खेळले होते. हीच निळी छाती, हेच लाल डोळे. मी वेड्यासारखी मशीनकडे बघत राहिले, पडद्याकडे नाही, मशीनकडे. पुढच्या बाजूला एक हिरवा दिवा लागला होता आणि त्याच्या शेजारी छोटं बटण. आमच्याकडे जिथे पट्टी असते, बरोब्बर तिथे.

मी ते दाबलं. दिवा विझला.

गेम सुरू केला आणि माझा रोबोट चालत आला. जड, डौलदार, एकेक पाऊल टाकत. मी पहिला टप्पा पार केला, दुसरा केला. तिसऱ्याच्या मध्यावर संपादकांनी हात वर केला.

"म्हणजे तुम्हाला हे बटण माहीत होतं," ते माइकवरून म्हणाले. "माहीत होतं तर परीक्षणात का नाही लिहिलं? वाचकांपासून लपवलंत?"

"नाही, मला माहीत नव्हतं."

"मग तुमच्याकडे गेम असा कसा चालला?"

अय्यो, ह्याचं उत्तर मला आता ठाऊक होतं. एका वाक्याचं उत्तर. पण ते सांगायचं म्हणजे साऱ्या हॉलसमोर सांगायचं, की आमच्या सेंटरच्या मालकांनी दोन वर्षं चारही मशीनचा वेग अडवून ठेवला, आणि ते मालक हे पहिल्या रांगेत बसलेत. शेजारी त्यांचे विद्यार्थी. मागे दोघातिघांचे वडील. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मॅडम, तुम्ही गप्प आहात, ह्याचा आम्ही काय अर्थ घ्यायचा?"

मी मान खाली घातली. नाव जाईल तर जाऊ दे, असं मनात म्हटलं. खरं सांगते, मोठेपणानं नाही, निव्वळ घाबरून.

मामा उभे राहिले. माइक नव्हता, तरी टायपिंगच्या वर्गात वीस वर्षं कमावलेला आवाज होता. तमिळमध्ये म्हणाले, "त्या बटणावर मी पट्टी लावलीय. मशीन तापेल म्हणून. तिनं ते बटण कधी पाहिलंच नाही. माझ्या भाचीनं कुणाकडून चहासुद्धा घेतलेला नाही."

मग कुणीतरी विचारलं, "किती दिवस, सर?" मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन वर्षं." आणि मग जो हशा फुटला तो थांबेचना. आमचे विद्यार्थी सुद्धा हसत होते. मामा खाली बसले नाहीत. हशा संपेपर्यंत हात बांधून उभे राहिले. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

हसले नाहीत ते फक्त चष्मेवाले. त्यांनी पुढे होऊन बटण दोनदा दाबून पाहिलं, दोन्ही वेगांत स्वतः खेळून बघितलं आणि माइक मागून घेतला. म्हणाले, "हा गेम जुन्या, सावकाश मशीनसाठी बनवलाय. बनवणाऱ्याच्या मनातला रोबोट ह्या मुलीनं पाहिला. आम्ही वेगळाच पाहिला आणि त्याला शिव्या दिल्या. माझा एक गुण मी मागे घेतो." पण नऊ गुण जास्तच आहेत, असंही बोलले. संपादकांनी चार ओळींचा खुलासा लिहून द्यायला सांगितला. माझं पान वाचलं, आरोप गेला. टाळ्याही पडल्या.

परतताना मामांच्या मोपेडवर मागे बसून मी बडबड करत होते, ते पत्र लिहिणाऱ्याला कसं उत्तर द्यायचं वगैरे. कालव्याच्या पुलावर मामांनी मोपेड थांबवली. स्टँडला लावली नाही, तशीच धरून उभे राहिले.

"मज एक सांग," ते म्हणाले. "आपली मुलं तासभर बसायची. त्यातला किती वेळ नुसती वाट बघत होती?"

मी अनोळखी लोकांच्या कामाला कचरा म्हटलेली बाई. ह्या माणसाला 'थोडासाच' म्हणायला काय जात होतं? जिभेवर आलंही. पण मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि थोड्या वेळापूर्वी त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मी पाहिलं होतं.

"अर्धा, मामा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एकेकाच्या घरी जाऊन सांगायला हवं. परत या, परत शिकवतो, म्हणायचं. हसतील. हसू देत."

"पत्र टाकू या ना."

"पत्र नाही. तोंडानं सांगायचं."

पहिलं घर पापनाशमचं होतं, स्टेशनपासून चालत. आमच्याकडून शिकून गेलेली मुलगी नोकरीच्या परीक्षेत सराव कमी पडून मशीनवर वेळ पुरला नाही म्हणून नापास झाली होती. मंद आहे पोरगी, असं मीच तेव्हा मामांना म्हटलं होतं. दार तिच्या आईनं उघडलं. मामांना ओळखून ती हसली, आत या म्हणाली, मुलीला हाक मारायला वळली. मामांनी घसा साफ केला.

मी त्यांना बोलू दिलं नाही. "तुमची मुलगी मंद नाही," मी म्हटलं. "मशीन आम्ही मंद ठेवलं होतं. आणि तिच्या शेजारी रोज बसूनही मला ते दिसलं नाही."