आकडा नका सांगू
मेथी निवडताना बोटांना वास लागला की ती सकाळ आठवते. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यातून फोन आला आणि डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलतात म्हणून वहिनीनं तो माझ्या हातात दिला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी गर्भ तयार झाला होता, पण तिकडे काचेच्या बशीत. पेशी आपोआप विभागतायत, किती झाल्या ते सांगायला मी तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाली, "आकडा नका सांगू ताई, नजर लागंल. वाढायलेत ना?" "हो." "तिथं गार तर नसंल?" "नाही वहिनी, तुमच्या पोटाइतकीच ऊब असते." तिनं मेथीचे हात पदराला पुसले आणि पोटावर ठेवले. परवा वहिनीची लेक आमचे हात सोडवून एकटीच शाळेत पळाली, तेव्हा वहिनीचा हात नकळत पोटाशी गेला.