भडंगातली कवळी

सयाजी शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे बनवून घेणारा, सुपरवायझर. एकतीस वर्षं भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळा असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. दात मात्र तंबाखूनं एकेक करून नेले. दिवाळीनंतर त्यानं कवळी बसवली. ती जरा सैलच होती.

महिन्याच्या मीटिंगला चहा आणि भडंग आलं. क्वालिटीचा नवा इंजिनिअर विश्वजित म्हणाला, "कास्टिंगला भोकं पडतात, ती मोल्डिंगमुळं."

सयाजी लिहून आणलेला कागद हातात घेऊन ताडकन उठला. "वाळू वली हाय म्हणून मी फे..."

त्याला 'फेब्रुवारीतच सांगितलंय' म्हणायचं होतं. त्या 'फ'च्या जोरानं वरची कवळी सुटली आणि थेट विश्वजितच्या भडंगात जाऊन पडली.

मग जो हशा उसळला, त्यात एकजण खुर्चीवरनं घसरला. सयाजीनं तोंडावर पंजा धरला. कान तापले. पळावं म्हटलं तर दार आठ खुर्च्यांपलीकडं.

प्लँट मॅनेजर संयोगिता मॅडम उठल्या. रुमालानं कवळी उचलली आणि एखादी फाईल द्यावी तशी सयाजीच्या हातात दिली.

"विश्वजित, हसून झालं असलं तर काकांचा कागद पुढं वाच."

विश्वजितनं सयाजीच्या हातातला कागद घेऊन दोनदा फिरवून बघितला. "अक्षर लागत नाही, मॅडम."

"मग त्यांचंच ऐकूया. काका, सावकाश सांगा. कुणाला घाई न्हाय."

कवळी खिशात टाकून सयाजी बोळक्या तोंडानं बोलला. अर्धे शब्द हवेतच गेले, पण कुणी 'काय?' म्हणून विचारलं नाही. वाळू तपासायला गेली. खरंच ओली निघाली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यानं मॅडमना गाठलं. "तुमी हासला न्हाईसा."

"हसले की. केबिनचं दार लावून. डोळ्यांतनं पाणी आलं."

सयाजीनं डोळे वटारले. मग त्यालाच हसू फुटलं. पोट धरून हसला, दुसरा हात तोंडावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी विश्वजित खाली मान घालून आला. "काका, चला, कवळी घट्ट करायला दातांच्या डॉक्टरकडं सोडतो. फक्त गाडीवर तोंड मिटून बसा."

येताना सयाजीनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. कवळी जागची हलली नाही.