इंजिन झिजलंय, मी म्हणाले, आणि बाबा बोलले

भिया लोग, आत्ताच घरी पोचले, आणि लगेच लिहितेय.

आज बेटमा गावाजवळच्या ट्रॅकवर गो-कार्ट रेसचं क्वालिफाइंग होतं. पहिल्या दहात आलं तरच फायनल. माझा नंबर बारावा! मागच्या रेसला याच कार्टवर मी तिसरी होते, यार.

हेल्मेट काढून मी मेकॅनिकवर ओरडले, "इंजिन पूर्ण झिजलंय!"

बाबा जाळीपाशी डोळे मिटून उभे होते. कापड मिलचे जुने फिटर ते, आवाजावरून मशीनची तब्येत सांगतात. म्हणाले, "इंजिन एकदम बढिया आहे. शेवटच्या वळणाआधी तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतेस. मागच्या महिन्यात प्रॅक्टिसला तिथेच उलटलीस ना, तेव्हापासून."

मी मानेचना. मग मेकॅनिकने स्वतः माझी कार्ट पळवली. माझ्यापेक्षा पूर्ण एक सेकंद फास्ट!

परतताना गाडीत बाबा अचानक म्हणाले, "मिल बंद करायची होती तेव्हा साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, मशिनी झिजल्या म्हणून. नव्हत्या झिजल्या. मी सही केली. आज पुन्हा तेच ऐकवेना."

तीस वर्षं हे घरात कोणालाच माहीत नाही. आईलासुद्धा नाही.

शेजारच्या काकांची नोकरी तीच मिल बंद झाली तेव्हा गेली. ते रोज सकाळी बाबांसोबत चहा प्यायला येतात. उद्याही येतील, आणि चहा मीच देणार आहे.

सांगा, काकांकडे बघू कशी?