तिसऱ्या सिलिंडरचा शोध

नगर सोडलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. डिसेंबरची थंडी होती, तरी शेजारची चार घरं शाली पांघरून रस्त्यावर आली होती. निरोपापेक्षा त्यांना काळजीच जास्त. "एवढं लांब नागपूर, आणि या गाडीतून? रेल्वेनं का जात नाही?" हे नुसते हसले आणि स्टार्टर ओढला.

गाडी काळी, गोल बोनेटाची, विलायती बनावटीची. माझे यजमान एका गिरणीमालकांकडे अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांनी मागून घेतली. पण मागच्या सीटवर कुणी साहेब नाही, शेजारी मी, असा लांबचा प्रवास आम्ही पहिल्यांदाच करत होतो.

कारणही तसंच होतं. आमची शैला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून नागपूरला शिकाऊ म्हणून लागली होती. आता हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच कारखान्यात तिला सुपरवायझर नेमलं होतं. त्या खात्यात आजवर बाई सुपरवायझर झाली नव्हती. गुरुवारी सकाळी आठला रुजू व्हायचं. पत्र आलं त्या दिवशी हे म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची पोरं शाळा-कॉलेजच्या दारात सोडली. हिला कारखान्याच्या दारात मी सोडणार."

एक गोष्ट मात्र आम्ही कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून यांना कमी ऐकू येत होतं. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस म्हणून यांचं नाव होतं. कान गेले हे स्वतःशीसुद्धा कबूल करायला ते तयार नव्हते.

पहिला मुक्काम जालन्याला, दुसरा अमरावतीला. अमरावती सोडल्यावर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (इकडे कपाशीच्या पिकाला पऱ्हाटी म्हणतात) फुटून पांढरी झाली होती आणि ओट्या बांधलेल्या बाया वेचणीला लागल्या होत्या. कोंढाळीच्या अलीकडे संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. रस्ता चढू लागला आणि तिथेच गाडीनं पहिला धक्का दिला.

मी शाळेत मुलींची कवायत घेत असे. रांगेतल्या एका मुलीचं पाऊल चुकलं, तर मला न पाहता कळतं. इंजिनात तेच होत होतं. तीन पावलं बरोबर पडत होती, एक गळत होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे रस्त्यावर होते.

"आवाज बदललाय," मी मोठ्यानं म्हणाले.

"रस्ता खराब आहे," हे म्हणाले. पण पायाखाली ओढ कमी झाल्याचं त्यांना कळलं असणार, कारण गिअर उतरवताना त्यांचा जबडा आवळला होता.

कोंढाळीला इंजिन थंड करायला थांबलो. टोपली घेऊन बसलेल्या बाईनं आमची तोंडं पाहिली आणि न विचारता दोन संत्री सोलून हातावर ठेवली. "खा वं बाई. गाडी काय, गरम झाली का थंडी होतेच. माणसाले पहिले पानी लागते." संत्री गोड होती. आमचा घास मात्र कडूच.

धक्के खात, मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वाट देत दुपारी आम्ही नागपूरच्या जरीपटक्यात पोचलो. शैला वच्छलाबाईंच्या घरी एका खोलीत राहत होती. समोरच्या खोलीत कोनाड्यात बुद्धमूर्ती, तिच्यापुढे शेवंतीची ताजी फुलं, आणि स्वयंपाकघरातून तळणाचा वास. वच्छलाबाईंनी आम्हाला पाटावर बसवलं आणि सांबारवडी वाढली. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. आत कोथिंबीर, खसखस, खोबरं ठासून भरलेलं, वर कुरकुरीत पारी. सोबत ताकाची कढी. हे दोनच वड्या खाऊन उठले आणि बोनेटजवळ जाऊन उभे राहिले.

बुधवारी सकाळी शैलानं ओळखीचे मिस्त्री दौलतभाऊ यांना बोलावून आणलं. माणूस प्रामाणिक होता, कामात बुडालेला. इंजिन सुरू करून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं.

"व्हॉल्व्ह जळला असन काका. हेड खोलावं लागते. चार दिवस तरी ठेवा."

"उद्या सकाळी हिंगण्याला जायचंय," हे म्हणाले. "आणि व्हॉल्व्ह नाही वाटत मला."

"आवाज त साफ येऊन राहिला ना, फट-फट! तुमाले ऐकू नाही येत का?"

त्यांनी ते वाईट भावनेनं विचारलं नव्हतं. पण गल्लीत चार माणसं उभी होती, शैला उभी होती. हातातला फडका यांनी घडी करून बोनेटवर ठेवला.

"अण्णा, मी कंपनीच्या बसनं जाईन, रोज जातेच की," शैला म्हणाली. ते ऐकून तर हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मी जवळ जाऊन बसले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण जे बोलायचं होतं ते कधी बोललो नव्हतो. "नाही ऐकू येत तुम्हाला," मी म्हणाले. "मला येतं. काय ऐकायचं ते सांगा. हात तुमचे, कान माझे. चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले.

त्यांनी मला बोनेटपाशी उभं केलं. "मी एकेका प्लगची वायर काढीन. इंजिनाचा आवाज पडला, तर ते सिलिंडर काम करतंय. काहीच फरक पडला नाही, तर तेच आजारी. फरक पडला की हात वर कर."

पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं. मी हात वर केला. दुसरी काढली, पुन्हा हात वर. तिसरी काढली. आवाज होता तसाच राहिला. मी डोळे मिटून ऐकलं. काही फरक नाही. चौथीला हात पुन्हा वर गेला.

"तिसरं," हे म्हणाले.

इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग काढला. तो पेट्रोलनं ओला होता. त्या भोकावर अंगठा दाबून यांनी शैलाला हँडल फिरवायला सांगितलं. फस्स करून हवेनं अंगठा उडवून लावला. "बघ! दाब आहे. व्हॉल्व्ह जळला असता तर एवढा जोर आला नसता." आवाजात दोन दिवसांत पहिल्यांदा धार आली होती.

मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला लावून पाहिला, वायरींची अदलाबदल केली. प्रत्येक वेळी मी ऐकायचं, आणि प्रत्येक वेळी तिसरंच मुकं. शैला म्हणाली, "म्हणजे ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. वाटेतच गळतेय."

"डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून," हे म्हणाले. चारी वायरींना वीज वाटून देणारी ती काळी टोपी. पण टोपीवर काही दिसेना. तेव्हा यांनी वच्छलाबाईंकडून जाड चादर मागितली. भर दुपारी उघड्या बोनेटवर ती पसरली, पंख्यापासून आवरून धरली, आणि आम्ही तिघं आत डोकं घालून वाकलो. इंजिन सुरूच होतं. अंधारात एक निळी, केसाएवढी रेघ टोपीच्या तिसऱ्या तोंडापासून खालच्या लोखंडी चिमट्यापर्यंत लपलप करत होती.

"सापडली!" शैला ओरडली. यांनी माझा हात घट्ट धरला होता, तेलकट हातानं.

टोपी पुसली तर तडा दिसला, त्यात काजळी बसलेली. तशी टोपी नागपुरात मिळाली नाही. "नखपॉलिश आणा," हे म्हणाले.

वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गाडीले नखपॉलिश? काहून गा भाऊ, लगन आहे का तिचं?" पण पदर खोचून त्याच मला जरीपटक्याच्या बाजारात घेऊन गेल्या. बांगडीवाल्याकडे बिनरंगी नव्हतं. लाल आणलं. यांनी ब्लेडनं काजळी खरवडली, पेट्रोलनं टोपी स्वच्छ केली, आणि एक हात वाळल्यावर दुसरा, असे लाल रंगाचे दोन हात दिले. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. चारी पावलं बरोबर पडत होती. मी नुसती मान हलवली, आणि यांनी डोळे पुसले.

दौलतभाऊ आले. शैलानं त्यांना सगळं सांगितलं. टोपी हातात घेऊन त्यांनी ती उजेडाकडे धरली. "काका, मी त उगाच हेड खोललं असतं. चुकलं माझं. हे अंगठ्याचं मले एकदा दाखवून द्या." यांनी त्यांना बसवून सगळं पहिल्यापासून दाखवलं.

गुरुवारी पावणेआठला आम्ही हिंगण्याच्या फाटकासमोर होतो. मोटरसायकली आत शिरत होत्या, कंपनीच्या बसमधून कामगार उतरत होते. कुणी मोठे साहेब आले असं समजून पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. "कोनाले भेटाचं आहे साहेब?"

शैलानं मान बाहेर काढली. "मीच आहे काका. आज सुपरवायझर म्हणून रुजू होतेय. गाडी माझ्या वडिलांची."

"मंग आत येऊ द्या ना बाई!" त्यानं मोठं फाटक सताड उघडलं.

पोर्चमध्ये गाडी थांबली. शैला आधी उतरली, वळसा घालून आली, आणि तिनं यांच्या बाजूचं दार उघडलं. जन्मभर हे दुसऱ्यांसाठी दारं उघडत आले होते. आज मात्र ते स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. "उतरा अण्णा," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "माझं खातं बघून जा."

बसमधून उतरलेली माणसं बघत होती. हे उतरले, सदरा सारखा केला, आणि तिच्या बरोबरीनं चालत आत गेले. मी गाडीपाशी थांबले. मला तिथूनच सगळं नीट दिसत होतं.

परतीला तीन दिवस लागले. इंजिन एकदाही चुकलं नाही. नगरला पोचलो तर शेजारी जमलेच. नागपूरला काय काय पाहिलंत, तलाव पाहिला का, किल्ला पाहिला का? खरं सांगायचं तर आम्ही त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. प्रवासाला गेलेल्या माणसानं काहीतरी बघून यावं अशी रीत आहे. मी एक माणूस नव्यानं बघून आले, आणि तो माझ्या घरातलाच होता.

"वाटेत गाडीनं त्रास दिला का?" समोरच्या मास्तरांनी यांना विचारलं. प्रश्न यांना कळला नाही. एरवी ते उगाच हसून मान हलवायचे. त्या दिवशी त्यांनी कानाला हात लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "जरा मोठ्यानं बोला मास्तर. मला कमी ऐकू येतं. आमच्याकडे इंजिन ऐकायचं काम हिचं."