शेजारच्या खाटेवरच्या बेन

समा भागातल्या फिजिओथेरपी केंद्रात मी गुडघ्यासाठी जायचे, तिथे माझ्या शेजारच्या खाटेवर छाणी गावच्या एक ख्रिस्ती बेन असायच्या. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर तो उचलू लागले, की त्या डोळे मिटून बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र गुजरातीत म्हणत. जीभ अडखळली, तर "चालो, फरीथी," म्हणून पहिल्यापासून सुरू करत.

आमचे हे गेल्याला वर्ष झालं, त्या दिवशी मला तिथेच रडू फुटलं. बेननी डाव्या हाताने आपला लुळा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तेच स्तोत्र म्हटलं.

"बेन, आज गुडघा नाही दुखत," मी म्हणाले.

"खबर छे, माहीत आहे मला. पण माझा हात इथपर्यंतच पोचतो ना!"

आता गुडघा बरा झालाय. तिथे जायला निमित्त उरलं नाही, आणि मला मात्र रोज जावंसं वाटतं.