मायच्या खोलीतले चोवीस अंश

पुण्यात बसून कळंबच्या आमच्या घरातलं ऊन मोजता येतं, याचा मला एके काळी फार अभिमान होता. ऑफिसात चहा पिता पिता मी खिशातून फोन काढायचो आणि समोरच्याला दाखवायचो, "हे बघा, आमच्या मायच्या खोलीत आत्ता चोवीस अंश आहे. बाहेर पंचेचाळीस." समोरचा म्हणायचा, "वा!" मग मीही मनातल्या मनात स्वतःला एक वा देऊन घ्यायचो. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. मला तो पुरला नाही, यावरून काय ते समजा.

त्याआधी आमच्या घरी कूलर होता. बसस्टँडजवळच्या मिस्त्रींनी पत्रा कापून, ठोकून हातानं बनवलेला. मिस्त्रींचे वडील सायकली दुरुस्त करायचे, मिस्त्री कूलर आणि पाण्याच्या मोटारी. होळी झाली की माय मला त्यांच्याकडे पिटाळायची. मग ते खांद्यावर वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन यायचे, जुन्या काढायचे, मोटारीला तेल द्यायचे आणि पहिलं पाणी स्वतः ओतायचे. पहिल्या पाण्याचा तो वाळ्याचा वास घरभर पसरला की आमचा उन्हाळा सुरू झाला. आजही कुठं तो वास आला तर मी चालता चालता थांबतो.

वऱ्हाडात ज्याच्या घरी कूलर आहे त्याला एक नियम शिकवावा लागत नाही. कूलर खिडकीत लावायचा आणि समोरचं दार उघडं ठेवायचं. हवेला बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत कूलर लावला तर अर्ध्या तासात सगळं चिकट होतं आणि जीव घाबरा होतो. आमचं समोरचं दार गल्लीवर उघडायचं. त्यामुळं फाल्गुन ते मृगापर्यंत आमचं घर गल्लीचंच होतं म्हणा ना.

त्यात ती कापसाची वाईट वर्षं. आमची शेती नव्हती, माय अंगणवाडी सेविका होती. पण गल्लीत बहुतेक सगळे कापूसवाले. भाव येईना म्हणून कापूस घरातच राहायचा. समोरच्या काकूंच्या घरात तर तो आढ्यापर्यंत गेलेला असायचा. माणसं अंगणात आणि कापूस घरात. कापसाजवळ चूल पेटवायची नाही, कूलर लावायचा नाही, कारण ओल लागली की कापूस पिवळा पडतो आणि ठिणगी उडाली तर काहीच उरत नाही. शिवाय साठवलेल्या कापसानं अंगाला अशी खाज सुटते की माणूस बसल्या जागी नाचतो. मग दुपारी बायांनी जायचं कुठं? जेवणं उरकली की एकेक करून त्या आमच्याकडं यायच्या. कुणी मधे गोधडी पसरायची, चारी बाजूंनी बाया बसायच्या आणि सुया चालायच्या.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आतल्या खोलीत पुस्तक तोंडावर घेऊन पडलेला असायचो. खरं सांगतो, कान सगळा बाहेर असायचा, पण काही उपयोग नव्हता. आमचा कूलर एवढा घरघरायचा की चार हातांवरचं बोलणं कळत नसे. गल्लीतून जाणाऱ्यालाही फक्त बायांच्या माना हललेल्या दिसायच्या. दार सताड उघडं आणि गोष्ट मात्र घराबाहेर जात नसे. मला कधी हसण्याचा फवारा ऐकू यायचा, कधी कुणाचं नाक ओढणं. एकदा मी मायला विचारलं, "काय बोलत असता वं तुम्ही?" तिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "कापसाचं." कापसाचं! दोन महिने रोज दुपारी कापसाचं.

माय भांडखोर होती, हे सांगितलंच पाहिजे. अंगणवाडीला एकदा किडके तांदूळ आले. तिनं तेच तांदूळ शिजवले, डबा भरला आणि तालुक्याच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाली, "साहेब, आधी तुमी खा. मंग मी लेकराईले देतो." साहेबांनी खाल्ले नाहीत. पुढच्या आठवड्यात तांदूळ बदलून आले. ही बाई कुणाला भ्यायली, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी पुण्याला नोकरीला लागलो, माय निवृत्त झाली. ज्या वर्षी बोंडअळीनं कापसाची बोंडंच्या बोंडं पोखरली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माय कूलरमध्ये पाणी भरताना चक्कर येऊन पडली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ती ड्रमातून बादल्या काढत होती. समोरच्या काकूंनी कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, आणि मग मला फोन केला. मी रात्रीची गाडी धरून आलो आणि ठरवून टाकलं. कूलर बंद, एसी आणायचा. तोही साधा नाही, इंटरनेटवाला. म्हणजे पुण्याहून मला लावता येईल, बंद करता येईल, खोलीत किती गरम आहे ते दिसेल.

बसवायला मिस्त्रीच आले. एसीसोबत भिंतीवर इंटरनेटची एक पेटीही लागली. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, "भाऊ, एक बात सांगू? कूलरले खुला दरवाजा पाह्यजे, एसीले बंद. तुमच्या घराचा दरवाजा तं आजवर कधी बंद पाह्यला नाही मी. जमन का?"

"जमवू," मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

फोनमध्ये ते ॲप टाकलं तेव्हा त्यानं मला बरंच काही विचारलं. घर कुठं आहे ते पाहू का? माइक वापरू का? घरात कोण कधी असतं याची नोंद ठेवू का? मी सगळीकडं 'मान्य' दाबत गेलो. घर मायचं, खोली मायची, हवा मायची आणि मान्यता माझी. मायला काय विचारायचं, तिला काय कळतंय, असं मला वाटलं असणार. असणार कशाला, वाटलंच होतं. त्याची आज लाज वाटते.

पहिले आठ दिवस फोनवर तेहतीस-चौतीसच्या खाली आकडा उतरेना. मशीन बिघडलं म्हणून मी मिस्त्रींना पाठवलं. ते म्हणाले, "मशीन एकदम फस्सकलास हाय. दरवाजा खुला हाय. अंदर सात बाया बसल्या हायेत."

झालं, माझं डोकं फिरलं. लगेच मायला फोन लावला. तिचे हात सुईत गुंतलेले असायचे, म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर टाकायची. हे मला ठाऊक होतं, पण रागात आठवलं नाही. मी सरळ सुरू केलं, "माय, दार उघडं ठेवलं ना तू? अन् घरात बाया बसल्या हायेत ना? मले इथं सगळं दिसून राह्यलं."

पलीकडं एकदम शांत झालं. एसीला आवाज नसतो, म्हणून ती शांतता मला नीट ऐकू आली.

सगळं दिसून राह्यलं, हे मी थापेनं बोललो होतो. मला आकडा दिसत होता, बाकीचं मिस्त्रींनी सांगितलं होतं. पण त्या बायांना हे कुठून कळावं? काकूंची नवी सून त्या वेळी आपल्या नवऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती, असं पुढं कधीतरी कळलं. काय सांगत होती, ते मला अजून माहीत नाही. ती जागेवरून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या एसीकडं बघत उलट्या पावली बाहेर गेली. तिच्यामागं बाकीच्या गेल्या. गोधडी अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मायनं फोनवर एवढंच सांगितलं, "बाया म्हन्तात, जो दरवाजा पाह्यते तो ऐकत बी असन."

"अवं, त्याले कान नाहीत," मी म्हणालो. पण म्हणताना मला तो माइकचा प्रश्न आठवला. मी काय दाबलं होतं तेही आठवलं. त्याला कान होते की नव्हते, हे मला तरी कुठं नक्की माहीत होतं? मी विषय बदलला.

आणि मग आकडा सुधारला. दुपारी बारा ते पाच, चोवीस. रोज. फोनवर त्याची एक रेघ यायची, ती अगदी सपाट. मध्ये लाईट जायची तेव्हा घरातली इंटरनेटची पेटीही बंद पडायची आणि माझ्या फोनवर शेवटचा आकडाच तसाच दिसत राहायचा. एकदा कळंबला तीन तास लाईट नव्हती आणि मी इकडं तीन तास चोवीस अंश बघून खूश होतो. पण अशा बारीकसारीक गोष्टींकडं लक्ष देणार कोण? मायनं माझं ऐकलं होतं. ती दार लावून गार खोलीत झोपत होती. पोरगा म्हणून मी कर्तव्य केलं होतं.

मे महिन्यात यवतमाळला एक लग्न होतं. ते आटोपून मायला न सांगता घरी निघालो. कळंबला बसमधून उतरलो तेव्हा दोन वाजले होते. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. ऑटोत बसल्याबसल्या सवयीनं फोन पाहिला. चोवीस.

गल्लीत शिरलो. आमच्या दाराला बाहेरून कुलूप. आतून एसीचं पाणी नळीतून टपटप गळत होतं.

समोर काकूंच्या घराची पडवी, पत्र्याची. कडेला ओलं लुगडं बांधलेलं. त्या पत्र्याखाली सगळ्या बाया बसल्या होत्या, आणि मधे गोधडी. माय माझ्याकडं पाठ करून बसली होती. पोलकं पाठीला चिकटलं होतं, मान लाल झाली होती. एका हातानं सुई आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याचा वारा. एक महिनाभर ती रोज दुपारी अशी बसली होती आणि मी पुण्यात लोकांना चोवीस दाखवत होतो.

"माय," मी म्हणालो.

तिनं वळून पाहिलं. आणि काय सांगू, ती दचकली. सुई टाकून ताडकन उठली. कमरेची किल्ली शोधायला लागली, ती हाताला लागेना. "आत्ताच आलती रे मी इथं," ती म्हणाली, "पाच मिन्टं झाले असन. दोरा मांगाले आलती. जातो, जातो मी अंदर. बसतो मी एसीत."

माझी माय मला भ्याली होती. साहेबाच्या टेबलावर किडका भात आपटणारी माझी माय, माझ्यापुढं किल्ली शोधत उभी होती. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी आयुष्यात कधी कुणाची आली नाही.

काकू काही भिणाऱ्यांतल्या नव्हत्या. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बारा वाजले का तुही माय एसी लावते, दरवाजा लावते अन् इकडं येते. पाच वाजले का जाऊन बंद करते. तुह्या फोनात चांगलं दिसावं म्हून. कुठं नाही पाह्यलं बाप्पा, रिकाम्या खोलीले हवा घालनं!"

कुणीच हसलं नाही. काकूंची सून मला पाहताच घरात निघून गेली होती.

एकदाची मायला किल्ली सापडली, ती मी तिच्या हातातून घेतली, दार उघडलं. आतली गार हवा तोंडावर आली. मी आधी एसी बंद केला. खुर्ची घेऊन भिंतीवरची इंटरनेटची पेटी काढली. मग मायच्या समोर बसून फोनमधलं ॲप पुसलं. मिस्त्रींना फोन केला आणि कूलर परत बसवायला सांगितलं. पाणी भरायला आतापासून पाइप आणि छोटी मोटर लावा, तिला बादली उचलू देऊ नका, एवढंच वर सांगितलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगनार होतो भाऊ, पन तुमी लई जोशात होते."

माय दारातच उभी होती. अजून घाबरलेली. "मंग तुले कसं समजन," तिनं विचारलं, "मी बरी हावो का नाही?"

"फोन करून इचारीन."

"अन् मी खोटं सांगतलं तं?"

"तं सांग खोटं," मी म्हणालो. ती पुढं आली आणि लहानपणी पुसायची तसं पदरानं माझं तोंड पुसलं.

कूलर लागल्यावर दोन दिवसांनी काकू आल्या, मग बाकीच्या आल्या. गोधडी पुरी झाली. त्या उन्हाळ्यानंतर मायला आणखी सहा उन्हाळे मिळाले, सगळे उघड्या दाराचे. मी पुण्याहून रोज दुपारी फोन करायचो. ती म्हणायची, बरी हावो. मी मानायचो. पण त्या खेपेला पुण्याला परतलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला राहवलं नाही. मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती.

"माय," मी विचारलं, "काकूची सून येते का वं आता?"

कूलरच्या घरघरीतून तिचा आवाज आला, चढलेला, पूर्वीसारखा, माझ्या कानाचे पडदे हलवणारा.

"तुले काय करायचं हाय रे?" माय म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.