साडूंचा दीड संदर्भ

स्वतःचं नाव छापलेलं पाहायला कुणाला आवडत नाही? पण त्यासाठी प्रत्येक मासिक शेवटच्या पानापासून वाचणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला मिळाला. हे माझे साडू चिंचवडला एका कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत कॉम्प्युटर शिकवत. शाळेत कॉम्प्युटर नव्हता. हा तपशील त्यांना किरकोळ वाटे. ते एखाद्या विद्यार्थ्यालाच कॉम्प्युटर करत आणि बाकीच्यांनी त्याला हुकूम सोडायचे. एकदा चाकणकडचा एक दांडगा कामगार असा कॉम्प्युटर झाला. ‘बाहेर जा’ म्हटल्याबरोबर तो बंद दारावर थडकला आणि कपाळ चोळत म्हणाला, “कडी काढाया कुनी सांगितलंच न्हाई, सर!” साडूंनी आनंदानं त्याला मिठीच मारली. घरीही तेच. ताईंनी “साखर घाला” म्हटलं, की हे चमचा धरून विचारणार, “कशात?” “माझ्या डोक्यात!” असं उत्तर आलं, की “हा हुकूम पाळता येईल, पण विचार करा,” म्हणत.

या पद्धतीवर त्यांनी एक लेख लिहिला आणि तो परदेशातल्या एका मासिकात छापून आला. तेव्हापासून साडू बिघडले. आपला लेख कुणी वाचला, कुणी स्वतःच्या लेखाखाली त्याचा संदर्भ दिला, हे शोधायला ते दर रविवारी पुण्याच्या एका ग्रंथालयात जाऊन बसत. चार वर्षांत दोन संदर्भ सापडले. एकात त्यांचं म्हणणं साफ चुकीचं ठरवलं होतं; तो त्यांनी पूर्ण धरला. “खोडायला का होईना, वाचलं तर खरं!” दुसऱ्यात स्तुती होती, पण आडनाव भलतंच छापलं होतं. तो अर्धा.

पुढे प्राचार्यपदासाठी मुलाखत झाली. “तुमच्या संशोधनाचा परिणाम काय?” असं समितीनं विचारलं, तेव्हा या सत्पुरुषानं सरळ “दीड” म्हणून सांगितलं. समिती पोट धरून हसली आणि जागा दुसऱ्याला दिली. त्या संध्याकाळी साडू आमच्याकडे आले, पानावर बसले आणि नुसता भात चिवडत राहिले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “ते हसले त्याचं काही नाही. पण दीड म्हणजे फार कमी हो.”

वर्षभरानं मी पिंपरीत शिंप्याकडे पँट आणायला गेलो होतो. वरच्या माडीवर कुणीतरी नवा कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता. तिथून हसण्याचा गलका आला म्हणून डोकावलो, तर एक पोरगेलीशी शिक्षिका उभी, आणि एक विद्यार्थी हात ताठ ठेवून तिच्या हुकमाबरहुकूम भिंतीला धडका देतोय! मी विचारलं, “हे कुठं शिकलात?” ती म्हणाली, “आमच्या मॅडम असंच शिकवायच्या. त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.”

दुसऱ्याच दिवशी मी साडूंना तिथं घेऊन गेलो. जिना चढून ते दारात थबकले. आतला प्रकार बघता बघता त्यांचे ओठ हलायला लागले. तिचं पुढचं वाक्य त्यांना आधीच ठाऊक होतं. “चला, ओळख करून देतो,” मी म्हटलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. “नको. रंगात आलाय तास.” आणि चपला काढून ते मागच्या बाकावर, पोरांच्या रांगेत जाऊन बसले.

तास संपताना शिक्षिकेचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. तिला वाटलं, कुणाचे तरी वडील असतील. तिनं हसून विचारलं, “काका, समजलं का तुम्हांला?”

साडू विद्यार्थ्यासारखे उठून उभे राहिले. चष्मा पुसला. म्हणाले, “हो, बाई. आत्ता समजलं.”